अक्कलदाढ व तिच्यामागे उरणारा खळगा

गेल्या श्रावणात विज्ञानाचे शिक्षक चार दिवस रजेवर होते आणि नववीच्या वर्गावरील त्यांचा तास आमच्या वाट्यास आला. आम्ही मराठी व इतिहास शिकविणारे. विज्ञानाच्या पुस्तकाशी आमचा परिचय दुरूनचाच. अन्नपचनाचा धडा चालू होता. माणसास ३२ दात असतात, हे वाक्य आम्ही मोठ्याने वाचले आणि पुढे सरकणार तोच मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, माझे अठ्ठावीसच आहेत." वर्गात हशा पिकला. मग सर्वांनीच जिभेच्या टोकाने आपापले दात मोजण्यास प्रारंभ केला. कोणाचे २८ भरले, कोणाचे २७, एकीचे मोजताना चुकून ३०. पण ३२ एकाचेही भरेनात. पुस्तक चुकले की वर्ग चुकला, असा पेच उभा राहिला.

वस्तुतः चुकले कोणीच नव्हते. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या सुमारास दुसरी, आणि तिसरी येते ती १७ ते २५ या वयात केव्हातरी. दोन्ही जबड्यांच्या दोन्ही टोकांस मिळून अशा चार दाढा. नववीतल्या मुलांच्या त्या दाढा जबड्याच्या हाडात तयार होत असतात, पण हिरडीबाहेर आलेल्या नसतात. हीच ती अक्कलदाढ.

विद्यार्थिमित्रहो, या विषयावर वार्षिकांकात लिहिण्याचे आम्ही योजले, याचे कारण या वयाच्या हिशेबातच आहे. दुधाचे दात पडतात तेव्हा आई जवळ असते. अक्कलदाढ येते तेव्हा तुम्ही शाळा सोडलेली असते. कोणी वसतिगृहात, कोणी नोकरीच्या गावी भाड्याच्या खोलीत, कोणी सासरी. त्या रात्री दाढ ठणकू लागली म्हणजे विचारावे कोणास, हेच कळत नाही, आणि शेजारचा जो सांगेल तो उपाय माणूस करतो. आम्हीही तेच केले. त्याची हकीकत पुढे येईलच.

आधी नावाविषयी थोडेसे, कारण तो आमचा प्रांत आहे. 'अक्कल' हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला आणि खुद्द अरबी भाषेतही या दाढेस अकलेचीच दाढ म्हणतात. लॅटिनमध्ये ती शहाणपणाची, आणि गोव्यात आमच्या आजोबांच्या पिढीने जी राजभाषा शिकली त्या पोर्तुगीजमध्ये 'सीझु'ची, म्हणजे सारासार विवेकाची. तुर्की भाषेत मात्र तिला सरळ विसाव्या वर्षाचा दात म्हणतात. कोरियन लोक तिला प्रेमाची दाढ म्हणतात, आणि जपानी नावाचा अर्थ आहे 'आईबापांस ठाऊक नसलेली'. आम्हांस हे शेवटचे नाव सर्वांत मार्मिक वाटते. अकलेचा व या दाढेचा संबंध वयापुरताच आहे. 'याला अजून अक्कलदाढ फुटायची आहे' असे वडीलधारी मंडळी म्हणतात ते वयाकडे पाहून. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलनेही ही दाढ विसाव्या वर्षाच्या सुमारास येते, असे लिहून ठेवले आहे. ऐंशी वर्षांच्या काही स्त्रियांस ती उतारवयात अतिशय वेदना देऊन आल्याचेही तो नमूद करतो. त्याच ग्रंथात पुरुषांस स्त्रियांपेक्षा अधिक दात असतात, असे एक विधान आहे. आमच्या मागच्या बाकावरील मुलासारखे कोणी त्याच्या वर्गात असते, तर हे विधान टिकले नसते.

आता ही दाढ इतका त्रास का देते? तिची चूक एवढीच की ती शेवटी येते. पंगतीत सर्वांत मागून आलेल्या माणसास पाट मांडावयास जागा उरू नये, तशी तिची स्थिती. जे मानवसमूह शिकारीवर व कंदमुळांवर जगत आणि चिवट अन्न तासन् तास चावीत, त्यांच्या कवट्यांत जबडे ऐसपैस दिसतात व तिसरी दाढ बहुधा नीट ओळीत बसलेली असते. शिजविलेले, दळलेले, मऊ अन्न लहानपणापासून खाणाऱ्यांचा जबडा तेवढा वाढत नाही. दातांचा आकार मात्र त्या मानाने कमी होत नाही. मग दाढ हाडातच अडकून राहते, किंवा तिरपी होऊन पुढच्या दाढेच्या अंगावर कलंडते, आणि क्वचित पूर्ण आडवी पडते. काहींच्या जबड्यात ती मुळात तयारच होत नाही. जगातील सुमारे पाचांपैकी एका माणसास चारांपैकी एखादी तरी अक्कलदाढ नसते. अशांनी स्वतःस भाग्यवान समजावे. अकलेशी त्याचा काही संबंध नाही, हे वर सांगितलेच आहे.

सर्वांत उपद्रवी ती अर्धवट आलेली दाढ. तिचा एक कोपरा बाहेर दिसतो आणि उरलेल्या भागावर हिरडीची झापड पसरलेली असते. त्या झापडीखाली अन्नाचे कण शिरतात. तेथे ना ब्रश पोहोचतो ना बोट. जंतू वाढतात, झापड सुजते, सुजलेल्या झापडीवर वरची दाढ आपटते आणि सूज आणखी वाढते. तोंड उघडेनासे होते, गिळताना घशाच्या कडेस कळ येते, तोंडास दुर्गंधी येते. सुश्रुतसंहितेत 'अधिमांसक' नावाचा एक विकार वर्णिला आहे. जबड्याच्या अगदी शेवटच्या दातापाशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणे, ही त्याची लक्षणे. वाढलेले मांस छेदून काढावे व मधात कालविलेली औषधी चूर्णे लावावीत, असा उपायही तेथे दिला आहे. आजच्या दंतवैद्यास हे वर्णन वाचून दाखविल्यास तो क्षणात रोग ओळखील.

आमच्या खालच्या उजव्या दाढेने हा खेळ तीन वेळा मांडला. पहिल्या वेळी आम्ही बेळगावात नवीनच नोकरीस लागलो होतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, वेदनाशामक गोळ्या घेतल्या, चार दिवसांत सारे शांत झाले, आम्ही विसरलो. दुसऱ्या वेळी घरात कोणाच्या तरी खोकल्यासाठी आणलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या शिल्लक होत्या, त्या घेतल्या. हे अगदी गैर होते. दुसऱ्याच्या रोगासाठीचे औषध, अपुऱ्या मात्रेत, न विचारता. त्याने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. तिसऱ्या वेळी उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस होते आणि गालावर एवढी सूज आली की मुलांनी आम्हांस ओळखले ते केवळ सदऱ्यावरून. तेव्हा कोठे आम्ही दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन बसलो.

आमच्यापेक्षा कितीतरी मोठे संकट आमच्या एका माजी विद्यार्थ्यावर आले होते. तो तेव्हा २० वर्षांचा, परगावी वसतिगृहात राहत असे. दाढ दुखू लागली तेव्हा मित्रांनी तंबाखूची चिमूट दाढेशी धरावयास सांगितली, बाहेरून गरम विटेने शेकावयास सांगितले. दोन दिवसांत सूज गालावरून हनुवटीखाली उतरली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, थुंकी गिळता येईना आणि आडवे झाले की श्वास कोंडे. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन वैद्याने वर्णिलेला, त्याच्याच नावाने ओळखला जाणारा हा विकार आहे. खालच्या दाढेतील जंतुसंसर्ग जिभेखालच्या भागात पसरतो व श्वासाची वाट बंद करू शकतो. मुलाच्या खोलीवरील साथीदाराने रात्री दोन वाजता रिक्षा काढून त्यास इस्पितळात नेले म्हणून तो वाचला. नऊ दिवस तो तेथे होता. दाढदुखीने माणूस मरत नाही असे आपण सहज म्हणतो. आम्ही त्या घटनेपासून म्हणत नाही.

म्हणून प्रत्येकाने अक्कलदाढ काढूनच टाकावी काय? तसे नाही. सरळ आलेली, समोरच्या दाढेशी नीट मिळणारी, ब्रशने स्वच्छ करता येणारी दाढ ही इतर दाढांसारखीच उपयोगी असते. इंग्लंडमध्ये २००० साली तेथील सरकारी आरोग्यसेवेस मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने, ज्या अडकलेल्या दाढेस कोणताही रोग नाही ती केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असे सांगितले. इतर देशांत याविषयी मतभेद आहेत. परंतु झापडीची सूज वारंवार येत असेल, दाढ किडली असेल, तिच्या टेकण्याने पुढची चांगली दाढ किडू लागली असेल, किंवा तिच्याभोवती हाडात पाण्याची पिशवी तयार होत असेल, तर काढण्यावाचून गत्यंतर नसते. आणि काढावयाचीच तर तरुणपणी काढलेली बरी. विशीच्या आसपास मुळे पूर्ण वाढलेली नसतात, हाड लवचीक असते, जखम लवकर भरते. पस्तिशी ओलांडल्यावर हेच काम अधिक कष्टाचे होते.

दाढ काढण्याची भीती जी आपल्या मनात असते ती बहुतेक आजोबा-पणजोबांच्या गोष्टींवरून आलेली असते. १८४६ सालच्या ऑक्टोबरच्या १६ तारखेस अमेरिकेतील बोस्टन येथे मॉर्टन यांनी इथर हुंगवून रुग्णास बेशुद्ध केले व त्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया वेदनेवाचून पार पडली. हे मॉर्टन दंतवैद्य होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या आधी दोन वर्षे वेल्स या दुसऱ्या दंतवैद्याने हसविणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली होती. वेदनेवरचा विजय आरंभी दातांच्या दवाखान्यातून झाला तो असा. आज बहुधा बेशुद्ध करावे लागत नाही. १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी तयार केलेले लिग्नोकेन हे औषध टोचून जबड्याचा तेवढाच भाग बधिर करतात. माणूस जागा असतो, दाबल्याचे, ओढल्याचे त्यास कळते, दुखत मात्र नाही.

काम सुरू होण्यापूर्वी जबड्याचे क्ष-किरण चित्र काढतात. दोन्ही जबडे एका पट्टीत दिसावेत असे हे लांबट चित्र असते. दवाखान्यात त्यास ओ.पी.जी. म्हणतात. आम्हांस ते दाखविण्यात आले तेव्हा आमची दाढ पुढच्या दाढेवर डोके टेकून झोपी गेलेल्या प्रवाशासारखी दिसली. तिच्या मुळांखालून एक फिकट नळी गेलेली होती. खालच्या ओठास व हनुवटीस संवेदना देणारा मज्जातंतू तो याच नळीतून जातो. मुळे त्याच्या फार जवळ असली तर काढताना त्यास धक्का बसून ओठ काही आठवडे वा महिने बधिर राहण्याचा, आणि फार थोड्या जणांत कायमचा तसा राहण्याचा, संभव असतो. जिभेच्या मज्जातंतूबाबतही तीच गोष्ट. हा धोका आधी विचारून घ्यावा. चांगला वैद्य विचारण्याआधीच सांगतो. आपणही त्यास काही सांगावयाचे असते. मधुमेह, हृदयाचा विकार, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर उठलेले पित्त, गर्भारपण, जखम झाल्यास रक्त लवकर न थांबण्याची घराण्यातील खोड, यांतले काहीही लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेस आमच्या बाबतीत ४० मिनिटे लागली. हिरडीस लहानशी चीर देऊन ती बाजूस सारली, पाण्याची धार सोडीत थोडे हाड कोरले, दाढ आहे तशी निघेना म्हणून तिचे तुकडे केले आणि एकेक काढून घेतले. मग हिरडी जागेवर बसवून तीन टाके घातले. गॉजची घडी दाबून धरावयास सांगितली, हाती कागद दिला आणि आम्ही घरी आलो. हे सारे अपेक्षेपेक्षा इतके सुलभ झाले की तो कागद आम्ही वाचलाच नाही. मुलांना 'सूचना नीट वाचा' असे वर्षातून शंभर वेळा सांगणाऱ्या माणसाने!

त्या कागदात जे होते त्याचे मर्म एका गोष्टीत आहे. दाढ निघाली की हाडात एक खळगा उरतो. काही मिनिटांत त्यात रक्त साठून त्याची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे. ती उघड्या हाडावरचे व तेथील मज्जातंतूंच्या टोकांवरचे पांघरूण आहे, आणि तिच्यातूनच पुढे नवे मांस व नंतर हाड तयार होते. पहिल्या दिवसांतील सर्व पथ्ये या एका गुठळीसाठी असतात. तिला हलवू नये, एवढेच आपले काम. जे काही हलवील ते वर्ज्य: थुंकणे, चूळ भरणे, नळीने ओढून पिणे, विडी-सिगारेट ओढणे, जिभेने वा बोटाने खळगा चाचपणे. गॉजची घडी अर्धा ते एक तास न बोलता दाबून धरावी आणि लाळ गिळावी. लाळेत गुलाबी रंग दिवसभर दिसतो. थोडे रक्त पुष्कळ लाळेत मिसळून फार भासते, त्याने घाबरू नये. रक्त खरोखरच वाहू लागले, तर स्वच्छ ओल्या गॉजची नवी घडी ठेवून अर्धा तास घट्ट चावून धरावी. त्यानेही न थांबल्यास वैद्याकडे जावे.

आम्ही काय केले? संध्याकाळी तोंडात रक्ताची चव आली, ती नकोशी झाली, म्हणून मोरीत उभे राहून चांगल्या सात-आठ चुळा खळखळून भरल्या. मग वाफाळलेला चहा घेतला. तोंड स्वच्छ झाल्याचे समाधान वाटले. वास्तविक पहिले २४ तास चूळ भरावयाचीच नसते व गरम पदार्थ घ्यावयाचे नसतात. दुसरा दिवस ठीक गेला. तिसऱ्या दिवशी चतुर्थीसाठी आम्ही चोर्ला घाटातून एस.टी.ने गोव्यास घरी निघालो. घाटातील प्रत्येक वळणावर गालातले वजन एका बाजूने दुसऱ्या बाजूस जात असल्यासारखे वाटत होते. घरी पोहोचलो तेव्हा आईने दारातच आमच्याकडे पाहून विचारले, "कितें जालें रे तुका?" आम्हांस उत्तर देण्यापुरतेही तोंड उघडता आले नाही.

चौथ्या दिवशी पहाटे, घरात गणपतीच्या पूजेची तयारी चालू असता, कळ सुरू झाली. दाढ काढण्यापूर्वीचीही वेदना तिच्यापुढे काहीच नव्हती. ती खळग्यातून निघून कानापर्यंत व कानशिलापर्यंत जाई. तोंडास विचित्र वास येत होता. वेदनाशामक गोळीने तासभर बरे वाटे, पुन्हा तेच. घरात नेवऱ्या तळल्या जात होत्या आणि आम्ही माजघरात उशी गालाशी धरून बसलो होतो. सणाच्या दिवशी दवाखाना उघडा सापडेपर्यंत दुपार झाली. तेथील वैद्याने आत डोकावून पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "चूळ कधी भरलीत?" खळगा रिकामा होता. गुठळी गेलेली, पांढुरके हाड उघडे. याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात, म्हणजे कोरडा पडलेला खळगा. सर्व प्रकारचे दात धरल्यास शेकडा दोन ते पाच जणांना हा त्रास होतो, खालच्या अक्कलदाढेनंतर त्याहून अधिक, आणि धूम्रपान करणाऱ्यांस विशेष. वैद्याने खळगा मिठाच्या पाण्याने धुतला व लवंगेच्या तेलाचा वास येणाऱ्या औषधात भिजविलेली पट्टी आत ठेवली. अर्ध्या तासात आम्ही माणसांत आलो. पट्टी तीन वेळा बदलावी लागली. दहा दिवस गेले. खूण लक्षात ठेवण्यासारखी ही की, नीट भरत असलेल्या जखमेचे दुखणे तिसऱ्या दिवसापासून उतरू लागते. ते उतरण्याऐवजी चढू लागले तर वाट न पाहता वैद्यास दाखवावे. लवंगेचे तेल घरच्या घरी खळग्यात ओतण्याचा उद्योग मात्र करू नये. त्याने उघडे मांस भाजते.

सूज ही मात्र निराळी गोष्ट आहे. ती यावयाचीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वांत अधिक असते आणि मग ओसरते. पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ बाहेरून १५-२० मिनिटे धरावा, तितकाच वेळ दूर ठेवावा, पुन्हा धरावा. झोपताना दोन उशा घ्याव्यात. जबडा पुरता उघडत नाही, तोही आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत मोकळा होतो. गालावर हिरवट-पिवळा डाग उतरतो, तो आपोआप जातो. २४ तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा तोंड धुवावे. पण खळखळून नव्हे. पाणी तोंडात घ्यावे, मान या बाजूस त्या बाजूस कलती करावी, आणि तोंड उघडून पाणी नुसते पडू द्यावे. बाकीच्या दातांस ब्रश हळुवारपणे करावाच. जखमेच्या भीतीने सारे तोंड घाण ठेवणे हा दुसरा अपराध. टाके विरघळणारे नसल्यास पाच ते सात दिवसांनी काढतात.

औषधांविषयी एक-दोन गोष्टी. बधिरता उतरण्यापूर्वीच पहिली वेदनाशामक गोळी, वैद्याने लिहून दिलेली, घ्यावी. बधिर ओठ चावला जात असल्याचे कळत नाही, म्हणून तोवर काही चावून खाऊ नये. प्रौढ माणसाने पॅरासिटामॉल दिवसाकाठी एकंदर ४ ग्रॅमपेक्षा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपेक्षा, अधिक घेऊ नये. आपल्याकडे पुष्कळ जोडगोळ्यांत ते आधीच मिसळलेले असते, तेव्हा वेष्टनावरील नाव वाचल्यावाचून दोन प्रकारच्या गोळ्या एकदम घेऊ नयेत. आयब्युप्रोफेन उपाशीपोटी घेऊ नये. दमा, पोटातील व्रण वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर विचारल्यावाचून घेऊच नये. ॲस्पिरीन वेदनेसाठी म्हणून मुळीच नको, त्याने रक्त वाहते राहते. मेट्रोनिडाझोल दिले असल्यास मद्य वर्ज्य. आमच्या गोव्याकडील वाचकांनी फेणीने चूळ भरण्याचा जुना सल्ला या प्रसंगी तरी विसरावा.

खाण्याच्या बाबतीत आमच्या आईचा शब्द शेवटचा ठरला. उकड्या तांदळाची पेज, शिते बाजूस काढून, कोमट करून, चिमूटभर मीठ घालून. दुसऱ्या दिवशी तीच थोडी दाट, वर पातळ ताक. वैद्याने सांगितलेले मऊ, थंड वा कोमट, न चावावे लागणारे अन्न ते हेच. पुढे मऊ भात-वरण, केळे, शिजवून कुस्करलेला बटाटा. चुरमुरे, शेव, फरसाण, तीळ, खसखस हे पदार्थ दोन आठवडे दूर ठेवावेत, कारण त्यांचे कण खळग्यात जाऊन बसतात. बेळगावकरास कुंदा चालेल. त्यात काही अडत नाही.

मशेरी लावणाऱ्या आज्या व मावश्या आपल्या पुष्कळ घरांत अजून आहेत. भाजलेल्या तंबाखूची ती पूड ताज्या जखमेस विष आहे, आणि जखम नसतानाही हिरडीस व गालास तिचा परिणाम भोगावा लागतो. घरातील कोणाची दाढ काढली, तर नातवंडांनी मशेरीची डबी निदान आठवडाभर लपवून ठेवावी. ती पुढे सापडलीच नाही तर उत्तमच.

वरची दाढ काढली असल्यास आणखी एक जपणूक लागते. तिच्या मुळांच्या वर नाकाशी जोडलेली हाडातील एक पोकळी असते. म्हणून काही दिवस जोराने नाक शिंकरू नये, शिंक दाबून धरू नये, बासरी वा शंख फुंकू नये. शाळेच्या बँडमधील बिगुलवाल्यांनी हे लिहून ठेवावे. कबड्डी आणि व्यायामशाळा दाढ कोणतीही असली तरी आठवडाभर बंद. ताप १०१ अंशांवर गेला, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच राहिली, पू दिसला, तर त्याच दिवशी वैद्य गाठावा. गिळण्यास वा श्वास घेण्यास अडचण वाटली तर सकाळ होण्याची वाट पाहू नये, तडक इस्पितळ.

हिरडी तीन-चार आठवड्यांत जुळते. आतील खळगा हाडाने भरून येण्यास काही महिने लागतात, पण तोवर आपण त्याला विसरून गेलेले असतो. आम्हीही विसरलो होतो. नववीच्या त्या तासाने आठवण दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही घरून एक लहान बाटली आणली. दवाखान्यातून मागून घेतलेले आमच्या दाढेचे तुकडे तीत होते. मुलांनी ती हातोहात फिरविली. मागच्या बाकावरील त्या मुलाने तुकडे टेबलावर जुळवून पाहिले, पुस्तकाचे पान काढले व म्हणाला, "सर, खालच्या दाढेला दोन मुळे असतात असे लिहिले आहे. हिला एकच दिसते." अक्कलदाढेची मुळे पुष्कळदा एकमेकांस चिकटून एक झालेली असतात. हे मात्र आम्हांस ठाऊक नव्हते. रजेवरून परतलेल्या विज्ञानशिक्षकांनी ते सांगितले. बाटली आता प्रयोगशाळेत ठेवली आहे, खिडकीजवळच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर.